स्टॅनले कप की एनबीए प्लेऑफ: पहाटे कशासाठी उठावं?

स्टॅनले कप म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा किताब, आणि एनबीए ही तिथलीच बास्केटबॉल लीग. दोन्हींचे प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, एप्रिल ते जूनमध्येच असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना भारतात पहाटे साडेचारला दिसतो, त्यामुळे नोकरी सांभाळून दोन्ही पाहणं अवघड. सांगाडा सारखाच आहे: १६ संघ, चार फेऱ्या, सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे.

बास्केटबॉल डोळ्यांना सोपा. शिवाय मालिका बहुतेक वेळा सरस संघच जिंकतो. आठव्या मानांकनाचा, म्हणजे आपल्या विभागातून शेवटचा आलेला संघ एनबीए विजेता कधीच झालेला नाही. गुणवत्तेचं चीज झालेलं ज्यांना पाहायचं असेल, त्यांना तिथे जास्त समाधान मिळेल. हॉकीत लॉस एंजेलिस किंग्जनी २०१२ मध्ये आठव्या मानांकनावरून कप जिंकला, आणि २०१९ मध्ये साखळीत ६२ विजय मिळवलेला टँपा बे पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा गारद झाला. पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबरी चकतीही सुरुवातीला दिसत नाही. तिच्यामागे नजर पळवू नका. खेळाडू कुठे वळतात ते पाहा, दोन-तीन सामन्यांत सवय होते.

माझ्यापुरता निकाल लागला तो शेवटच्या दोन मिनिटांवर. एनबीएत मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. मग दोन फ्री थ्रो, टाइमआउट, पंच पडद्यावर रिप्ले तपासतात, पुन्हा फाउल. प्रत्येक संघाला पूर्ण सामन्यात सात टाइमआउट असतात. चुरशीच्या सामन्यात ही दोन मिनिटं पाव तास खातात असा माझा अनुभव आहे, आणि नेमकी रंगत आलेली असतानाच खेळ तुटतो. हॉकीत प्रत्येक संघाला टाइमआउट एकच, तोही ३० सेकंदांचा. मागे असलेला संघ गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवतो. स्वतःचं जाळं उघडं टाकून केलेला हा जुगार खेळाला उलट वेग देतो. २०१३ च्या अंतिम फेरीतल्या सहाव्या सामन्यात शिकागोने असाच गोलरक्षक काढून बरोबरी साधली आणि १७ सेकंदांत दुसरा गोल करून कप नेला. 

बरोबरी राहिली तर साखळीतलं शूटआउट इथे नाही. २० मिनिटांचे पूर्ण डाव, पाचास पाच, पहिला गोल होईपर्यंत. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रिअल मरून्स यांच्यात असे सहा जादा डाव झाले. सकाळी वेळेवर ऑफिस गाठायचं असेल तर ही अडचण खरीच आहे. एनबीएचा जादा वेळ पाच-पाच मिनिटांत आटोपतो.

हॉकीत मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकेकाशी हात मिळवतात. नियमपुस्तकात हे नाही, परंपरा आहे. ती कधी मोडतेही: २००८ मध्ये न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडरने न्यूयॉर्क रेंजर्सच्या शॉन एव्हरीचा हात टाळला. पण दोन आठवडे एकमेकांना मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आदळणारी माणसं थांबून चार शब्द बोलतात, तेव्हा त्या आदळण्यामागचा आदर समजतो. एनबीएत अशी ठरलेली रांग नाही. मिठ्या मारल्या जातात, पण ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. १९९१ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सचे बरेच खेळाडू शिकागोविरुद्ध ७.९ सेकंद बाकी असतानाच निघून गेले होते.

हॉकी अजमावायची तर पहिल्या फेरीतला सहावा किंवा सातवा सामना निवडा, आणि हॉर्न वाजल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका.