झेड-८० आणि सीपी/एम: काही महिने रोज वापरल्यानंतर

झेड-८० या जुन्या प्रोसेसरवरचा संगणक स्वतः जोडायचं हे किट घ्यावं का, असं विचारणाऱ्यांनी आधी एवढं ऐकून घ्या: यावर ब्राउझर नाही, चित्र नाही, आवाज नाही आणि मराठीही नाही. तरीसुद्धा माझे इंग्रजी मसुदे, नोंदी आणि बारीकसारीक प्रोग्राम कित्येक महिने यावरच चाललेत.

आत झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि सीपी/एम २.२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. स्वतःचा कीबोर्ड-स्क्रीन नाही. सीरियल केबल लावून दुसऱ्या संगणकावरच्या टर्मिनलमधून याच्याशी बोलायचं. सगळे भाग आपणच सोल्डर करायचे. हाताला सवय असेल तर काही कठीण नाही.

प्रोसेसरला ठोके देणाऱ्या क्रिस्टलवर ७.३७२८ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ७३,७२,८०० ठोके. असा अर्धवट आकडा का? ६४ ने भागून बघा, बरोबर १,१५,२०० येतात, म्हणजे सीरियल पोर्टचा वेग, सेकंदाला इतके बिट. प्रोसेसर आणि पोर्ट दोघांचं एकाच क्रिस्टलवर भागावं म्हणून हा आकडा निवडलाय. या बोर्डावर कशालाही हात लावा, कारण सापडतं, आणि ते शोधायला कागद-पेन्सिल पुरते.

खरी परीक्षा झाली ती टर्मिनलमध्ये लांब मजकूर पेस्ट करताना. मधली अक्षरं गळायची. छोटा मजकूर नीट जायचा, मोठा गेला की ओळी तुटायच्या. किटबरोबर बायोसचं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रामचं, लिस्टिंग मिळतं, ते काढून बसलो. अक्षरं घेणारा बफर भरत आला की कोड आरटीएस या इशाऱ्याच्या तारेवरून समोरच्याला ‘थांब’ म्हणतो. माझ्या केबलमध्ये तारा तीनच: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. ‘थांब’ पोचणार कुठून? आरटीएस-सीटीएस या इशाऱ्याच्या तारा असलेली केबल लावली, गळती बंद. रोजच्या लॅपटॉपवर असं काही झालं की अपडेटची वाट बघायची नाहीतर सगळं पुसून नव्याने टाकायचं, एवढंच आपल्या हातात असतं. इंटेलच्या प्रोसेसरांबरोबर येणारं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे आतला एक वेगळा छोटा संगणक, तर मालक झोपलेला असतानाही जागं असू शकतं, आणि त्याचा कोड मालकाला वाचायला मिळत नाही.

हे सगळं सुटसुटीत आहे त्याचं श्रेय गॅरी किल्डॉलला. त्याने १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली. पुढे हार्डवेअरला भिडणारा भाग वेगळा काढून त्याला बायोस म्हटलं. नवीन यंत्र आलं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा, बाकीचं जसंच्या तसं चालतं. म्हणून तर या शतकात बनलेल्या बोर्डावर १९७८ मध्ये बाजारात आलेला वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम चालतो. ए:, बी: ही ड्राइव्हची अक्षरंही पुढे पीसीवर आलेल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमकडे इथूनच गेली. आयबीएमने १९८१ च्या पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत अख्खं बायोस छापलं होतं, हे आज सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

पण त्या काळाला सोन्याचं म्हणायची मला हौस नाही. सीपी/एमचा गाभा काही खुला नव्हता. विकत घेणाऱ्याला बायोसचा नमुना मिळायचा, आतलं बंदच. वाटण्याची मोकळीक २००१ मध्ये मिळाली, तीही हक्क या हातातून त्या हातात गेल्यावर, आणि तिची नेमकी व्याप्ती स्पष्ट व्हायला २०२२ उजाडलं.

आता तक्रारी. २.२ मध्ये फाइलला तारीखच नसते. ताजा मसुदा कोणता हे कळावं म्हणून नावात आकडा टाकायचा, आणि नावाला अक्षरं जेमतेम आठ. पुसलेली फाइल परत आणणारी कचरापेटी नाही. पिप हा प्रती काढायचा प्रोग्राम वापरताना आधी कुठे न्यायची ते लिहायचं, मग काय न्यायचं ते; बोटं बराच काळ बंड करतात. फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जाते आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून कंट्रोल-झेड असतो, त्यामुळे लिनक्सवर आणलेल्या फाइलच्या शेवटी ते शेपूट दिसतं. वर्डस्टारच्या डॉक्युमेंट मोडमध्ये आणखी एक गंमत: बऱ्याच शब्दांच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू केलेला असतो, आणि बाहेर उघडल्यावर शब्दाच्या टोकाला भलतंच चिन्ह उमटतं. नॉन-डॉक्युमेंट मोड वापरा, कटकट मिटेल.

मराठीचं दुखणं मात्र मिटणारं नाही. इथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यातलेही सातच बिट कामाचे. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा धरून. टर्मिनल ते दाखवू शकतं, पण वर्डस्टार आठव्या बिटाला आपला समजतो आणि कर्सर बाइट मोजत पळतो. ज्या यंत्राचा बाइट न् बाइट माझ्या ताब्यात आहे त्यावर मला माझ्या भाषेत चार ओळी लिहिता येत नाहीत, हे खुपतं. हा मजकूरही लिनक्सवरच लिहिलाय.

घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. १९७६ पासून मिळत आलेल्या ४० पायांच्या मूळ झेड-८० चं उत्पादन बंद करत असल्याचं तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. ईझेड-८० हा त्याचा नंतरचा भाऊ वेगळा, तो या सॉकेटमध्ये बसत नाही. तेव्हा किट मागवतानाच एक जादा चिप मागवा, आणि कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवा.