फोंड्यातली भविष्यकथा कार्यशाळा: सकाळ पैसे वसूल, दुपारी खुशाल घरी जा

फोंड्याला एक दिवसाची भविष्यकथा लिहायची कार्यशाळा केली, आयोजकांचं नाव देत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. फी पंधराशे, नाश्ता-जेवण त्यातच. विषय, पन्नास वर्षांनंतरचं गोव्यातलं कुटुंब. सुरुवातीला सगळ्यांनी अपेक्षेप्रमाणे रोबो, उडत्या गाड्या आणि मंगळावरची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, लिहिली. शिकवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गाड्या उडू देत हो, पण गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी कोण बांधणार ते सांगा.

इथून मजा आली. त्यांची पद्धत अशी की गोष्ट लिहायचीच नाही, त्या काळातला एखादा कागद लिहायचा. आपल्याकडे पेपरात वारसांच्या नोटिसा येतात ना, अमुक वारले, मागे पत्नी आणि मुलं, कुणाची हरकत असेल तर कळवा, तसली २०७५ सालची नोटीस लिहायला लावली. सोपं वाटतं पण बसलं की डोकं चालत नाही, कारण गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेले नियम अजून चालतात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, मुलगा मुलगी हिस्सा सारखा, आणि मुलं असली तर आपल्या वाट्यातली निम्मी इस्टेट मृत्युपत्र करून पण दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे कुटुंब कोण हे कायद्यानेच ठरवून ठेवलंय, त्यात बदल करायचा तर नेमका काय ते लिहावं लागतं.

माझ्या बाजूच्या रिटायर्ड मास्तरांनी झकास लिहिलं. वारस तिघे, एक लिस्बनला, एक इंग्लंडात स्विंडनला, एक पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, आणि म्हातारीला औषधपाणी करणारी शेजारीण नोटिशीत कुठेच नाही. म्हणून खाली त्यांनी २०७५ चं नवीन कलम घातलं: शेवटची पाच वर्षं जिच्या हातचं जेवली तिला पाव हिस्सा. झालं, वर्गात भांडण! कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, मग म्हातारीला घास भरवायला रांग लागेल आणि नकोसं झालं तरी खावं लागेल. मास्तर गप्प. खरं सांगतो, एवढी जिवंत चर्चा मी साहित्य संमेलनात पण ऐकलेली नाही.

बाईंचा आणखी एक मुद्दा पटला, की घरं मशिनींपेक्षा तारखांनी जास्त बदलतात. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधी इथे जन्मलेले आजी-आजोबा, म्हणून नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्टची वाट, म्हणून इंग्लंडात नोकरी, मग ब्रेक्झिट. आता अशी पुढची तारीख तुम्ही शोधा, म्हणाल्या.

जेवणानंतर सगळं पाणी. कोणी एक सर लॅपटॉप घेऊन आले आणि एआयला सांगून दोन मिनिटांत गोव्याची गोष्ट काढून दाखवली, त्यात समुद्र, माड, फेणी, आणि घरात माणूस एकच. दीड तास तेच! वर दिलेल्या झेरॉक्स इतक्या फिक्या की मास्तर भिंग मागत होते. आपले कागद तपासून परत देणार होते ते अजून आलेले नाहीत, ग्रुपवर विचारलं तर नुसता अंगठा येतो.

जायचं असेल तर आधी फोन करून बाई स्वतः शिकवणार का ते विचारून घ्या. नाश्त्याची पातळभाजी-पाव चांगली होती, उशीर करू नका, लवकर संपते.