एचओ स्टार्टर सेट : नागपुरात अकरा महिने चालवल्यावर

मागच्या दिवाळीत भावाने अमेरिकेहून हा सेट आणला, म्हणजे टेबलावर विजेवर धावणारी एचओ मापाची मॉडेल आगगाडी. एक डिझेल इंजिन, चार डबे, कंट्रोलर, आणि राखाडी प्लॅस्टिकच्या बेसवर बसवलेले, खट्‌कन एकमेकांत अडकणारे रूळ. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या निम्म्या माझ्याच हातच्या आहेत, आणि उरलेल्या बऱ्याचशा नागपूरच्या हवेच्या.

खोकं उघडल्यावर सगळे इंजिन हातात घेतात. तुम्ही आधी अडॅप्टर घ्या. आमच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत १२० व्होल्ट लिहिलेलं होतं, आणि भाऊ तो आपल्या २३० च्या बोर्डात खुपसायच्या बेतात होता. बर्डीच्या बाजारातून व्होल्ट कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणेपर्यंत मुलाने दोन दिवस गाडी हातानेच ढकलली, तोंडाने भोंगा वाजवत.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत सहा बाय चार फुटांच्या प्लायवर मी रूळ मांडले. वळणाची त्रिज्या १८ इंच, म्हणजे पूर्ण गोलाला बारा तुकडे लागतात. दोन्ही बाजूंना सरळ तुकडे जोडून सव्वाचार मीटरची लांबुडकी फेरी झाली. हौसेने प्रत्येक तुकडा स्क्रूने आवळून टाकला. हा स्क्रू पुढे मे महिन्यात परत येणार आहे.

थंडीत गाडी लोण्यासारखी पळाली. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

आमची चौघांची मंडळी आहे. ओळख कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज म्युझियममध्ये झाली, आणि तेव्हापासून महिन्यातला एक रविवार कोणाच्या तरी घरी ठरलेला. एक काका रेल्वेतून पीडब्ल्यूआय म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे जन्मभर रूळ सांभाळलेला माणूस. निम्मी नोकरी नागभीडच्या नॅरोगेजवर काढली. ती लाइन २०१९ साली ब्रॉडगेज करायला बंद झाली, त्याचं दुःख ते तर्री-पोह्यासोबत दर खेपेला वाढतात. दुसरा इंजिनिअरिंगचा पोरगा. अजनी शेडचं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन दिसलं की तो बोलता बोलता थांबतो. तिसऱ्या धरमपेठेतल्या डेंटिस्ट ताई, ज्यांची हत्यारं आम्हाला फार उपयोगी पडतात. चौथी मी.

पहिल्याच बैठकीत काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून रुळांवर आडवी ठेवली. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एचओ म्हणजे एकास सत्याऐंशी, खऱ्या गाडीच्या सत्याऐंशी पट लहान; मग गुणाकार केला तर १४३५ मिलिमीटर. ते म्हणाले, “हे तर आपलं नाही वं पोरी.” खरंच नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तिला या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील. म्हणून भारतीय रंगात रंगवलेलं एचओ इंजिन समोरून पाहिलं की पाय आखडून उभं असल्यासारखं दिसतं. नागपुरात प्रवाशांना घेऊन १४३५ वर धावते ती ‘माझी मेट्रो’ (शहराच्या मेट्रोचं नावच ते). पोरगा लगेच म्हणाला, “म्हणजे रूळ मेट्रोचे, इंजिन अमेरिकेचं, अन् पॅसेंजर आपल्या महाल भागातले.”

तुम्हाला हुबेहूब ‘आपली’ गाडी हवी असेल तर हा सेट घेण्याआधी एवढा हिशोब करून घ्या. मला त्याने फरक पडला नाही. काकांना पडला, ते शेवटी येईल.

जानेवारीत पहिली कुरबुर सुरू झाली. खिडकीकडच्या बाजूला गाडी मंदावायची आणि कंट्रोलरकडे आली की सुसाट सुटायची. पोरगा म्हणाला, “मोटर गेली असन.” मी इंजिन उघडायला स्क्रूड्रायव्हर घेतला, तर काका ओरडले, “इंजिनाले कायले दोष देतं? रूळ पाय ना आंधी!” मल्टिमीटर लावला. कंट्रोलरपाशी बारा व्होल्ट, खिडकीपाशी नऊला टेकलेले. वीज एकाच जागी रुळांत शिरते आणि पुढचा सगळा प्रवास दोन तुकड्यांना जोडणाऱ्या त्या चिमुकल्या पत्र्यांतून करते; एक जरी सैल असला तरी तिथे व्होल्ट घटतात. कंट्रोलरपासून दोन वायरी प्लायच्या खालून नेऊन खिडकीकडच्या रुळांना सोल्डरचा डाग दिला, वीस मिनिटांत काम झालं. इंजिन आजपर्यंत उघडलेलं नाही.

दुसरी कुरबुर शेवटच्या डब्याची. एकाच वळणावर, एकाच सांध्यावर तो पडायचा. मी डबा बदलला, चाकं बदलली, डब्यात वजन म्हणून नाणी ठेवली. काकांनी चष्मा काढला, गुडघे टेकले, गाल प्लायला लावला आणि एक डोळा मिटून रुळाच्या उंचीवरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नखाने दाखवलं: एका रुळाचं टोक जोडपत्रीत शिरण्याऐवजी तिच्यावर चढून बसलं होतं. बोटाला कळत नव्हतं, डोळ्याला वरून दिसत नव्हतं, पण डब्याला दर फेरीला कळत होतं. तेव्हापासून मी नवा तुकडा जोडला की आधी गाल टेकते. मुलगा हसतो.

आता मे महिना. खोली स्लॅबखालची. डिसेंबरच्या रात्री तिथे बारा अंश, मेच्या दुपारी बेचाळीस. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात (नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त). तीस अंशांच्या फरकात असा एक मीटर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. माझ्या सव्वाचार मीटरच्या फेरीला दोन मिलिमीटर जास्तीची जागा हवी होती आणि खालचा प्लॅस्टिक बेस तर त्याहून अधिक ताणतो. मी सगळं आवळून ठेवलेलं. एका दुपारी पाहते तर खिडकीपाशी सांध्यावर रूळ बेससकट उचलला गेलेला, पापड भाजताना फुगतो तसा.

काकांना फोन केला. त्यांना आनंदच झाला. “बकल झाला ना? डिसेंबरात आवळलं, मेमधी उठनच.” मग खऱ्या रेल्वेत उन्हाळी दुपारी रुळांवरून पायी पेट्रोलिंग कसं चालायचं, ते अर्धा तास. तोवर माझा चहा कोमट झाला. इलाज मात्र साधा निघाला. निम्मे स्क्रू काढले, उरलेले अर्धा आटा सैल केले, आणि चार सांध्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली. डेंटिस्ट ताईंचंच कार्ड वापरलं. त्यानंतर उन्हाळाभर रूळ जागचा हलला नाही.

पण उन्हाळ्यात नागपूरकर कूलर लावतो, आणि ती ओली हवा थेट टेबलावर. रुळांवर काळपट थर धरायला लागला, गाडी अडखळायची, चाकांखाली बारीक ठिणग्या. इथे मी गाढवपणा केला: पॉलिश पेपरने रूळ घासले. दोन दिवस आरशासारखे चमकले, आणि मग थर दुप्पट वेगाने बसू लागला, कारण घासून पडलेल्या बारीक चऱ्यांत घाण रुतून बसते. माझ्यासारखं करू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुन्या सुती धोतराचा तुकडा, आणि शांतपणे पुसणं, एवढंच. कूलरचं तोंड मी आता दुसरीकडे फिरवते, घरचे घामाघूम झाले तरी.

पावसाळ्यात पुसायची पाळी आठवड्यातून दोनदा आली. तान्ह्या पोळ्याच्या (मुलांच्या लाकडी बैलांच्या) दिवशी शहरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली होती, आणि माझ्या हातात तो काळाकुट्ट झालेला फडका. मुलाने तो काठीला बांधून घरभर मिरवणूक काढली: “रुळाची घाण घेऊन जा गे मारबत!” त्याचा लाकडी बैल त्या दिवसापासून स्टेशनाशेजारी उभा आहे. सत्याऐंशीच्या मापाने तो इंजिनाएवढा उंच भरतो, पण हलवायची परवानगी नाही.

इंजिनाबद्दल लिहायला खरं तर फार नाही. आवाज थोडा, ओढ चांगली. एकदा चाकांच्या आसात केसांचा गुंता अडकला होता, ताईंनी दात कोरायच्या अणकुचीदार हत्याराने सोडवला आणि “पेशंटला चोवीस तास काही देऊ नका” म्हणाल्या. डब्यांचे कपलर (एकमेकांना जोडणारे हुक) कमकुवत आहेत, दोन तुटले. सुटे मागवावे लागले. कंट्रोलरची चकती सुरुवातीला एकदम उसळी घेते, गाडी हळू सुटत नाही, लहान मुलांना तेच आवडतं म्हणा. सेटबरोबर आलेली कागदी स्टेशनं जुलैच्या दमटीत वाकली. त्याऐवजी आम्ही कन्हान नदीची वाळू चाळून खडी केली आणि तुराटीचे तुकडे स्लीपरच्या ढिगासारखे रचले. दिसायला ते कितीतरी बरं दिसतं.

तारे द्यायचे तर इंजिनाला तीन, डब्यांना अडीच, अडॅप्टरला शून्य, रुळांना पाच. हो, तेच बकल झालेले, काळे पडलेले रूळ. अकरा महिन्यांत दरवेळी मी गाडीवर खापर फोडलं आणि दरवेळी चूक माझ्या मांडणीत निघाली. मांडणी सुधारली की हेच तुकडे निमूट काम करत राहिले. बजेट थोडं असेल तर स्वस्तातलं इंजिन घ्या, रूळ मात्र चांगले घ्या.

काकांनी आता माझ्या फेरीच्या आतली मोकळी जागा मागितली आहे. त्यांचा हिशोब असा की ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज एकास सत्याऐंशीत पावणेनऊ भरते, आणि एन स्केलचा (एचओहून लहान मापाचा) नऊ मिलिमीटरचा रूळ तयारच मिळतो. नागभीड लाइन माझ्या प्लायवर येणार. इंजिन कोणतं घ्यायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, “ते पाहू सवडीनं.” पहिल्या पार्सलमध्ये फक्त रूळ आलेत.

सेटमधले दोन डबे कोणाला हवे असतील तर सांगा, कपलर बदलून देईन. रूळ मागू नका.