“डबा राहू दे इथंच”

“जुना डबा काय करताय घेऊन? राहू दे इथंच.” गाडीचं काम करणारा माणूस इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्याबद्दल असं म्हणाला की लगेच डबा उचला आणि स्वतःच्या डिकीत टाका. मी टाकला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

माझी गाडी 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी. सांगलीत मस्टँग म्हटलं की लोक हसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन घेऊन मिरज रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं दुसऱ्या गिअरवर रांगायचं, हे हसण्यासारखंच आहे. दोन वर्षं बेदाण्याला बरा दर लागला, चांगल्या अवस्थेतली जुनी गाडी मिळाली, घेतली. आण्णा चार दिवस बोलले नाहीत.

भारतात आलेल्या जीटीची ताकद सुमारे 395 अश्वशक्ती, अमेरिकेत त्याच इंजिनाची 435. हा फरक माझ्या डोक्यात कुसळासारखा अडकला होता. पुण्याच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्यानं नेमकं तेच कुसळ धरलं. “दादा, तुमच्या गाडीचा श्वास कोंडलाय. कोल्ड एअर इनटेक बसवा, गाडी मोकळी होईल.” म्हणजे मूळ फिल्टरच्या डब्याच्या जागी इंजिनाला गार हवा देणारा नवा पाइप आणि फिल्टर. अमेरिकन ब्रँडचा ओरिजिनल किट, फिटिंगसकट 72 हजार. वर डायनोचा, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवला: आधी 341, नंतर 372. चाकांवर 31 घोडे वाढले!

तो कागद मी फोनमध्ये ठेवला होता, पण नीट वाचला दोन महिन्यांनी. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पहिल्या रनला ‘एसएई’ आणि दुसऱ्याला ‘एसटीडी’ लिहिलं होतं. हवामानाचा फरक काढून टाकायला डायनोवर आकडा दुरुस्त करतात, त्याच्या या दोन पद्धती. एसटीडीनं आकडा साधारण चार टक्के जास्त येतो. म्हणजे गाडीला हातही न लावता 341 चे 355 होतात. जवळजवळ निम्मे घोडे तिथंच, कागदावर जन्मलेले. बाकीचे कुठून आले ते त्यालाच माहीत.

एप्रिलात किट बसवला. लालभडक अॅल्युमिनियमचा पाइप, टोकाला शंकूसारखा फिल्टर. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं, जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयनं गेले, तेवढाच पुरावा. निघताना ते डब्याचं वाक्य, आणि मी “बरं” म्हणालो. डिकीत जागा होती हो, पण नवं खेळणं मिळालं की जुन्याकडं कोण बघतो?

परतीच्या वाटेवर खंबाटकी उतरताना मी खूश होतो. आवाज खरंच बदलला होता. पाय दाबला की हवा ओढल्याचा असा घुमारा येई की गाडी पळतेय असंच वाटे. घरी आण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. दोन मिनिटं बघून म्हणाले, “आपल्या ट्रॅक्टरला सुदिक बाहेरची हवा आत घेत्यात. ह्ये तर रेडिएटरच्या मागं बसून गरम वारं पितंय की रं!”

मी दुर्लक्ष केलं. आठ दिवसांत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि सिग्नलला उभी गाडी हेलकावे खाऊ लागली. मिरजेच्या ओळखीच्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला. पी 0171 आणि पी 0174: इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल कमी, हवा जास्त.

त्यानं पाइपवर माप घ्यायचा कॅलिपर धरला आणि कारण दाखवलं. हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये तापवलेला बारीक भाग असतो. वाहत्या हवेनं तो किती गार होतो त्यावरून कॉम्प्युटर हवेचा हिशेब करतो. नळी मूळच्यापेक्षा रुंद केली की तेवढीच हवा सेन्सरवरून सावकाश जाते. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, तो पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही मर्यादेपर्यंत सावरून घेतात, त्यापुढं दिवा लागतो. “कॉम्प्युटर आपोआप शिकतो” असं मला सांगितलं होतं, ते या मर्यादेच्या आतलं खरं. चांगल्या किटमध्ये सेन्सरच्या जागची नळी मूळ मापाची तरी ठेवतात, नाहीतर ट्यूनिंग, म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेब नव्यानं बसवणं, लागेल असं आधी स्पष्ट सांगतात.

आण्णांचं म्हणणंही तपासलं. अंकलीजवळ ट्रॅफिकमध्ये स्कॅनरवर आत जाणारी हवा 71 अंश. मूळ डबा होता तेव्हा अशाच उन्हात मी 44 बघितली होती. तापमानाच्या हिशेबानं 71 अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ. गाडी पळायला लागली की आकडा उतरतो, हे खरं. पण सांगलीत पळायला जागा कुठाय? कंपनीचा कुरूप काळा डबा पुढून बाहेरची गार हवा घेत होता. कोल्ड एअर इनटेक माझ्याकडं आधीपासूनच होता म्हणायचा.

मेकॅनिक म्हणाला, “जुना डबा आणा, अर्ध्या तासात पूर्ववत करतो.” गॅरेजवाल्याला फोन केला. आधी “बघतो”, मग “भंगारात गेला असेल”, मग फोन उचलणंच बंद. पंधरा दिवसांनी जुन्या पार्टच्या जाहिराती चाळताना एक फोटो दिसला: मस्टँग जीटी ओरिजिनल एअरबॉक्स, 35 हजार. झाकणाचा डावा कोपरा कुरतडलेला. आदल्या वर्षी माझ्या शेडमध्ये गाडी पावसाळाभर उभी होती, तेव्हा उंदरानं कुरतडला होता तोच कोपरा. चार दातांच्या खुणा मी अंगठ्यानं चाचपल्या होत्या. जाहिरातीतला नंबर गॅरेजवाल्याचाच.

मग कळलं, धंदा नुसता किटचा नव्हताच. फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, मस्टँग तर त्याआधीच यायची थांबलेली. मूळ पार्ट मिळता मिळत नाही. किटवर कमाई, डब्यावर पुन्हा कमाई. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला आणि अनोळखी नंबरवरून मेसेज टाकला. उत्तर आलं: “विकला गेला.”

शेवटी मेलबर्नचा मावसभाऊ दिवाळीला येताना वापरलेला डबा बॅगेत घालून घेऊन आला. तिकडंही स्टिअरिंग उजवीकडं, बसायला अडचण आली नाही. दिवा विझला, हेलकावे थांबले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारल्यावर समजलं की 2019 च्या कायद्यानं तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गॅरेज पुण्याकडं असलं तरी मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. सोबत यूपीआयची नोंद, वहीचं पान, डायनोचा कागद आणि दोन फोटो जोडले: एक त्याच्या जाहिरातीतला, एक त्या आदल्या पावसाळ्यात मी शेडमध्ये काढलेला. दोन्हींत उंदराचे तेच चार दात.