मुलीला कॉन्व्हेंटमधून काढून झेडपीच्या शाळेत घातलं : पहिल्या सत्रानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, आता लिहायला हरकत नाही. नागपूर सोडून आम्ही जिल्ह्यातल्याच एका छोट्या गावी राहायला आलो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत बसली. नातेवाईक अजून विचारतात, "काहून बाप्पा, पैशाची अडचण आहे का?"

आधी अभ्यासाचं. वजाबाकीत तिला पूर्वीही पैकीच्या पैकी पडायचे, पण दशकातून एक उसना का घ्यायचा ते ठाऊक नव्हतं. गुरुजींनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढ्यात ठेवले. ५२ मधून २७ घालवायचे. सुट्या काड्या दोनच, त्यातून सात निघत नाहीत. मग काढ एका गठ्ठ्याचं रबर, झाल्या बारा सुट्या. झालं! मराठी वाचनही झपाट्यानं सुधारलं. इंग्रजी मात्र मागे पडलंय, स्पेलिंग घरी आम्हीच घेतो. खिचडी बरी असते, वरण पातळ. पुस्तकं बालभारतीची, फुकट.

डोक्याला ताप आहे तो पटसंख्येचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच. म्हणजे वर्ग चार, गुरुजी दोन. त्यातले एक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला गेले की पहिली ते चौथी एकाच खोलीत. त्या दिवशी शिकवणं नसतं, राखण असते.

गावात म्हणतात, शिकवत नाहीत म्हणून पट घसरला. शिकवणं बघायला येतं कोण? इथली पहिली सहाव्या वर्षी सुरू होते, कॉन्व्हेंटची व्हॅन तिसऱ्या वर्षीच दारात उभी राहते. त्या वयासाठी सरकारची अंगणवाडी आहे, पण ती महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची. एकदा नर्सरीत बसलेलं लेकरू पहिलीसाठी तिथून कोणी काढत नाही. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. तेव्हा शिक्षक प्रभात फेरी काढतात, घरोघरी फिरतात, पण तोवर लोकांनी तिकडची फी भरलेली असते. मग ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, पट कमी म्हणून शिक्षकाचं पद जातं, आणि एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग, याला कंटाळून आणखी दोन-चार पालक दाखला काढतात.

घरी रोज अर्धा तास इंग्रजी घेणारं कोणी असेल तर बिनधास्त घाला. नसेल तर मी आग्रह करणार नाही. रंगवलेल्या भिंती बघून मात्र ठरवू नका, राजे हो. पटावर मुलं किती, शिक्षक किती आणि यंदा बदलीला कोण पात्र आहे, एवढं मुख्याध्यापकांना सरळ विचारा. आमच्याकडे तरी त्यांनी काही लपवलं नाही.

आमची इथेच चौथीपर्यंत राहील. पाचवीचा वर्ग इथे नाही, त्याचं तेव्हा बघू.