ज्वारीवरची पाखरं आणि चमकी फीत: सहा महिन्यांचा अनुभव

फितीच्या गुंडाळ्या पिशवीत भरताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, ही बांधा आणि घरी जाऊन निवांत झोपा. एक पाखरू फिरकणार नाही." सहा महिने वापरून झाल्यावर सांगते. फीत चांगली आहे, पैसे वाया गेले नाहीत, यंदाही बांधणार आहे. पण निवांत झोपायला मिळालं नाही. राखण संपली नाही, अर्धी झाली. आमच्यासारख्या घराला अर्धी राखणसुद्धा फार मोठी गोष्ट आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आमचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यात आहे. दोन एकर मालदांडी ज्वारी, सप्टेंबरच्या शेवटी पेरलेली. इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेरा मात्र आमच्या शिवारात दरवर्षी कमी होतोय. मामा, म्हणजे माझे सासरे, सांगतात की त्यांच्या लहानपणी नजर जाईल तिथवर ज्वारी असायची आणि दर चार-सहा रानांत राखणीला बसायचा एक माळा. पाखरं तेव्हाही होतीच, पण ती शिवारभर वाटली जायची. आता आमच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि डाळिंब आहे. भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा आला की त्याला उतरायला आमचंच रान. शिवाय पूर्वी माळ्यावर घरातली पोरं बसायची. माझी पोरं शाळेत जातात आणि जावीत. रोजानं बाई लावायची तर आमच्याकडे तीनशे रुपये रोज. दाण्यात चीक, म्हणजे दूध, भरल्यापासून तो निब्बर होईपर्यंत पंचवीस-तीस दिवस लागतात. हिशेब तुम्हीच करा.

कुठलं पाखरू काय करतं हे आधी नीट बघायला हवं. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, ते चुकलं. चिमणी दाणा चिकात असताना येते, चोचीत दाबून दूध पिते आणि फोल तसंच कणसाला ठेवते. लांबून कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं की हलकं लागतं. भोरडी हुरड्याच्या सुमाराला येते, कणसाला लोंबकळते, खाते त्याहून जास्त सांडते. पोपट आमच्याकडे ज्वारीवर कमी, मक्यावर जास्त. आणि पारवे! गावात सगळे पारव्यांच्या नावानं बोटं मोडतात, पण पारवा कणसावर बसत नाही. तो जमिनीवर चरणारा पक्षी. पेरणीत उघडं राहिलेलं बी वेचतो आणि पुढे खळ्यावर येतो. त्याच्यासाठी बी नीट झाकलं आणि खळ्यावर ताडपत्री टाकली की काम भागतं. कणसावरच्या फितीचा आणि पारव्याचा काही संबंध नाही.

आता फीत. एका बाजूने लाल, एका बाजूने चंदेरी, बोटभर रुंद, प्लास्टिकची. शंभर मीटरची गुंडाळी मला ऐंशी रुपयांना पडली, चौदा घेतल्या. दोन ओळींत पाच मीटर अंतर ठेवा असं सांगतात. मी निंबाकडच्या एक एकरात पाच मीटर ठेवलं, कारण पाखरं आधी झाडावर बसतात आणि तिथून उतरतात. उरलेल्या एकरात आठ मीटरवर भागवलं. ओळी उत्तर-दक्षिण बांधल्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फितीच्या अंगावर पडतं. दर दहा मीटरला काठी, कणसाच्या वर हातभर उंच, आणि दोन काठ्यांमध्ये फितीला तीन-चार पीळ. पीळ दिला नाही तर ती चमकतही नाही आणि वाऱ्यात घुमतही नाही. फार ताणली तर काठीपाशी तुटते. फार ढिली सोडली तर कणसाला घासून गुंतते. बोटाने टिचकी मारल्यावर थरथरली पाहिजे, तेवढीच ताणायची. हे मला तिसऱ्या ओळीला कळलं.

खरा खर्च फितीचा नाहीच, काठ्यांचा आहे. मालदांडी डोक्याच्या वर जाते, म्हणजे काठी दहा फुटी हवी, आणि दोन एकराला दीडशे काठ्या लागल्या. टोमॅटो काढलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून जुने बांबू आणले, उरलेल्या वेड्या बाभळीच्या तोडल्या. दोन माणसांना दोन दिवस लागले. त्यात आमची काळी जमीन. जानेवारीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोवलेली काठी डुलायला लागते. बुडाशी ढेकूळ ठोकून पुन्हा पक्कं करणं हे दर चार दिवसांचं काम होतं. फीत विकणारे हे कुणी सांगत नाहीत.

चूक माझी झाली ती वेळेची. मी उत्साहात 5 डिसेंबरलाच फीत बांधली. कणसं नुकती फुलोऱ्यात होती, खायला काहीच नव्हतं. पंधरा दिवस पाखरं फितीवरून येत-जात राहिली, तिला सरावली, आणि खरोखर चीक भरला तेव्हा, 22 तारखेच्या सुमाराला, चिमण्या फितीखालून बिनधास्त आत शिरल्या. मला रडू आलं. मामा बांधावर उभे होते. म्हणाले, "सोडून टाक समदी. चार दिस रान उघडं दिसू दे. मंग बांध, अन् बांधल्या दिवशी गोफण पण चालव. फितीबरोबर भ्या बसलं पायजे." तसंच केलं. चार दिवस आम्ही दोघं आणि माझा नवरा आळीपाळीने दिवसभर राखणीला. मग फीत पुन्हा चढवली, या वेळी ओळींची जागा थोडी बदलून, आणि पहिले तीन दिवस गोफण सतत चालू ठेवली. त्यानंतर फरक पडला.

तरी पहाटेचं कोडं सुटलं नाही, आणि या सगळ्यातली मुख्य गोष्ट तीच आहे. पाखरांच्या खाण्याच्या वेळा दोन. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत, आणि चारनंतर दिवस बुडेपर्यंत. फीत चालते ऊन आणि वारा असेल तेव्हा. जानेवारीच्या सकाळी ना ऊन असतं ना वारा, फितीवर दव पडून ती जड होते, निर्जीव दोरीसारखी लोंबते. म्हणजे पाखरू भुकेलं असतं तेव्हाच फीत कमजोर. दुपारी फीत झकास चालते, पण दुपारी पाखरं निंबात सावलीला बसलेली असतात. तरीही मधले सहा-सात तास मला रानाकडे पाठ फिरवता आली. त्या वेळात जनावरांचं झालं, डब्याचं झालं, हरभरा खुरपून झाला. रोजाची बाई लावावी लागली नाही. अर्धी राखण म्हणते ती ही.

उरलेल्या अर्ध्यासाठी गोफण. मामांनी अंबाडीची वळून दिली. एका टोकाचा फास मधल्या बोटात, दुसरं टोक चिमटीत, खोबणीत मातीचा गुंडा. डोक्यावर दोन फेरे देऊन चिमटी सोडायची. शेवटाला झुबका ठेवला तर सुटताना चाबकासारखा फटका वाजतो, आणि पाखरू त्या आवाजालाच उठतं. दगड वापरू नका. आम्ही ओल्या मातीचे लिंबाएवढे गुंडे करून वाळवले. ते पडले की फुटतात, मळणीत दगड येत नाहीत, आणि चुकून कुणाच्या अंगावर गेला तरी इजा कमी. मला सरळ फेकायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मागे-पुढे कुणी उभं राहणार नाही याची काळजी घ्यावी, कारण शिकणाऱ्याचा गुंडा कुठेही जातो.

शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा छऱ्याची बंदूक घेऊन आला होता. "काकू, दोन दिवसांत पारवे साफ करून देतो." चांगला मुलगा आहे, मदतीच्या भावनेनेच आला होता. मी त्याला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. एक तर पारवे आमच्या कणसाला लागतच नव्हते. पोपटांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना मारणं काय, पिंजऱ्यात पाळणंसुद्धा गुन्हा. पाचशेच्या थव्यातले चार मारून थवा कमी होत नाही, उठतो तो आवाजाने, आणि आवाज गोफणीतही आहे. आणि ज्वारीच्या पलीकडे कोण खुरपतंय हे दिसत नाही, ही माझी सगळ्यात मोठी भीती होती.

त्याला मी भोरड्यांचंही सांगितलं. हा पाहुणा पक्षी. मध्य आशियात वीण करतो, थंडीत आपल्याकडे येतो, एप्रिलच्या आसपास परत जातो. तिकडे त्याचं खाणं म्हणजे टोळ आणि नाकतोडे. चीनच्या शिंजियांग भागात टोळांवर उपाय म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. आमच्याच बांधापलीकडे हरभऱ्यात मी पक्षीथांबे, म्हणजे पाखरांना बसायला काठ्या, रोवलेत, त्यांनी येऊन घाटेअळी खावी म्हणून. एका रानात बोलवायचं आणि दुसऱ्यातून हाकलायचं, शेती अशीच असते. मारून टाकलं तर बोलवायला कोण उरणार?

इतर दोन गोष्टी थोडक्यात. ससाण्याचा आवाज काढणारं मशीन एका डाळिंबवाल्याकडून आणलं होतं. चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी चिमण्या त्याच्या कर्ण्यावर बसल्या. परत केलं. नायलॉनची जाळी मागच्या साली कोपऱ्यात पाच गुंठ्यांवर टाकली होती. पाखरं शंभर टक्के थांबली, पण एका सकाळी तिच्यात गव्हाणी घुबड अडकलेलं मिळालं. कात्रीने दोरे कापून सोडवलं, पंख दुखावलेला होता. रात्रभर उंदीर मारणारा आमचा राखणदार तो. पुन्हा जाळी घातली नाही.

काढणीच्या आधी फीत उतरवताना एक-एक तुकडा वेचा. कडब्याच्या पेंढीत गेलेला तुकडा म्हशीच्या पोटात जातो. आम्ही दोन पिशव्या भरून तुकडे गोळा केले. चौदापैकी नऊ गुंडाळ्या पुन्हा वापरण्याजोग्या निघाल्या. लाल रंग उन्हाने विटला आहे, चंदेरी बाजू ठीक आहे.

त्याच नऊ गुंडाळ्या एप्रिल-मेमध्ये मक्यावर बांधल्या. पोपटांना तिचा काही फरक पडला नाही. चार-पाच दिवसांत ते काठीवर बसून कणीस सोलायला लागले. मग कडेच्या तीन ओळींतल्या कणसांना त्याच ताटाचं पान गुंडाळून वर गाठ मारली. पोपटाला कणीस दिसेना, आणि कडेला काही न मिळाल्यावर ते आत फारसे गेले नाहीत. बिनपैशाचा उपाय आहे, फक्त पान ओढताना ताट मोडू द्यायचं नाही.

ज्वारी दोन एकरात तेरा क्विंटल झाली, आदल्या वर्षी नऊ. सगळं श्रेय फितीला देणार नाही, परतीचा पाऊसही चांगला झाला होता. पण निंबाजवळच्या ज्या चार ओळी दरवर्षी नुसती फोलपटं व्हायच्या, त्यांच्यातून या खेपेला घरच्या भाकरीपुरती ज्वारी निघाली.

यंदा बांधाला बांध असलेल्या दोघांशी बोलले आहे. तिघांनी एकाच आठवड्यात मालदांडी पेरायची, म्हणजे कणसं एकदम चिकात येतील आणि थवा एकट्या आमच्यावर पडणार नाही. सकाळची राखण पाळीने. फीत पहिला चीक दिसला की त्याच दिवशी चढवायची, आदल्या दिवशीही नाही. मामा दोन नव्या गोफणी वळत बसलेत, एक धाकट्यासाठी आहे, रविवारच्या पाळीला.