उंचावरील तळ्यांसाठी घेतलेले प्लवक जाळे

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या उंचावरील बहुतेक तळ्यांत मुळात मासे नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी त्यांत ट्राउट जातीचे मासे सोडले गेले. ट्राउट नजरेने हेरून शिकार करत असल्याने मोठ्या आकाराचे, ठळक दिसणारे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आधी संपतात आणि बॉस्मिना, रोटिफर यांसारखे बारीक जीव उरतात. अशी तळी आणि मासे नसलेली तळी यांची तुलना करण्यासाठी मी ३० सेंमी तोंडाचे, ६४ मायक्रॉन छिद्रांचे नायलॉनचे जाळे घेतले.

त्याचा खरा गुण म्हणजे रुंद तोंड. १० मीटर खोलीवरून सरळ वर ओढल्यास हिशेबाने सुमारे ७०० लिटर पाणी गाळले जाते. १२ सेंमीच्या हलक्या जाळ्यातून जेमतेम ११३ लिटर. हेस्पेरोडायप्टोमस शोशोन हा मोठा तांबडा कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातला सूक्ष्म कवचधारी प्राणी) ट्राउटमुळे नाहीसा होतो, आणि मासे काढल्यावरही कित्येक तळ्यांत परत येत नाही. कारण ऑर्लँडो सारनेल आणि रोलंड नॅप या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे संख्या फार विरळ झाली की नर-मादीची गाठच पडत नाही. इतक्या विरळ प्राण्याच्या बाबतीत लहान जाळ्यात आलेले शून्य म्हणजे तो तळ्यात नाही, असे मानता येत नाही. शिवाय हे चपळ जीव अरुंद तोंडाला सहज हुलकावणी देतात.

६४ मायक्रॉनची वीण बॉस्मिना पुरेपूर पकडते, मात्र अगदी बारीक रोटिफर निसटतात, त्यामुळे त्यांच्या मोजणीसाठी हे जाळे मी वापरणार नाही. शेवाळ जास्त असलेल्या पाण्यात छिद्रे बुजतात आणि वरचा ७०० लिटरचा हिशेब फसवा ठरतो. या निर्मळ तळ्यांत ती अडचण फारशी येत नाही.

बनावटीत दोन उणिवा आहेत. जाळ्याच्या टोकाला गाळलेले जीव जमा होणाऱ्या खालच्या भांड्याचे आटे इतके बारीक आहेत की थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते फिरवणे त्रासाचे होते. दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते: भांड्याजवळच्या दुहेरी शिवणीत पाणी साचून राहते. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी या तळ्यांत पसरलेली असल्याने एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी जाळे निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे लागते, आणि ही शिवण सर्वांत शेवटी वाळते. पाठीवर ओझे वाहून न्यायचे असेल तर लोखंडी कडेचे वजनही जाणवते. तरीही मोठ्या कोपेपॉडचा शोध हाच उद्देश असल्यास याहून लहान तोंडाचे जाळे घेऊ नये.